तोंड शिवलेला बटवा

कुणी पैसे मागितले की मावशी कमरेच्या बटव्यावर दोनदा थाप मारायची आणि म्हणायची, “याचं तोंड शिवलंय. ताट वाढू का?”

अशी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल. तोंडाचा पट्टा दिवसभर चालू, आणि बोलता बोलता आपल्या ताटात न मागता दुसरी भाकरी पडलेली. मुकुंदवाडी स्टेशनच्या मागच्या गल्लीत तिची खानावळ होती. मी तेव्हा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात होतो, घरचे सगळे गावी, त्यामुळं दोन्ही वेळा तिच्याच पंगतीला. दारातला भिकारी असो की उसने मागणारा भाचा, उत्तर एकच. एकदा गणपतीची वर्गणी मागायला आलेल्या पोरांना तिनं खरंच बसवून पिठलं-भाकरी खाऊ घातली. पोरं ढेकर देत रिकाम्या हातानं गेली.

या हट्टाला कारण होतं. तिची धाकटी बहीण पाचोडला दिलेली, आणि नवरा पक्का दारुडा. सुरुवातीला मावशी बहिणीला पैसे पाठवायची, ते सरळ गुत्त्यावर जायचे. मग ती सामान पाठवू लागली, तर त्या पठ्ठ्यानं सामानही दुकानात नेऊन विकलं. त्यावर मावशीनं काढलेली तोड मी डोळ्यांनी पाहिली आहे. नव्या साबणाचं वेष्टन फाडायची आणि साबण एकदा ओल्या हातावर फिरवायची. बिस्किटाचा पुडा फोडून डब्यात भरायची. नव्याकोऱ्या लुगड्याच्या पदराला हळदीचं बोट लावायची. मग सगळं गाठोडं पाचोडच्या बाजाराला जाणाऱ्या भाजीवाल्याच्या टेम्पोत टाकायची.

“आता इकून दाखव म्हणावं,” एवढं बोलून ती समाधानानं पान लावायला बसायची. आम्ही हसायचो. खरं सांगतो, मला तिच्या डोक्याचं कौतुकच वाटायचं.

काबूलचा नसीर आमच्याच पंगतीला असायचा. शिकायला आलेला, खोली स्वस्त मिळाली म्हणून विद्यापीठापासून इतक्या लांब राहिलेला. एका संध्याकाळी टीव्हीवर बातमी लागली. कुठल्याशा बड्या देशाच्या संसदेत चर्चा चालली होती की, ज्या देशांवर आपल्या वैऱ्यांचा ताबा आहे तिथं रोख मदत पाठवणं बंद करावं, पैसा शेवटी त्या वैऱ्यांच्याच हाती पडतो.

“शहाणी माणसं हायती,” मावशी वरण वाढता वाढता म्हणाली. “मी हेच करते.”

नसीरनं हातातला घास ताटात ठेवला. “मावशी, मेरी अम्मी को वोइच पैसा आता था. अब बंद हो गया.”

त्याचे वडील नव्हते. आईला आता तिकडं कामावर जायची बंदी. मदतवाल्यांनी आधीच हात आखडता घेतला होता, आणि शिक्षण सोडून परत जावं का, या विचारात तो महिनाभर होता. हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

“पण बंदूकवाले त्यातलं घेत असतील की,” मावशी म्हणाली.

“लेते थे. बाकी में घर चलता था.”

“मग गहू द्यावा त्यांनी.”

“गेहूं देंगे. अम्मी बीमार पडी तो गेहूं लेके दवाखाने जाना?” नसीर तिच्याशी कधी चढ्या आवाजात बोलला नव्हता, तेव्हाही बोलला नाही. “आपने बहन को कभी पूछा, उसको क्या होना?”

मावशी वरणाचं भांडं घेऊन आत गेली. त्या दिवशी ताक वाढायचंही ती विसरली.

दोन दिवसांनी खानावळीला कुलूप लावून तिनं मला गाठलं. “रजा टाक. पाचोडला जायचंय. तो मेला घरात असला तर भांडायला तोंड पायजे, ते तुला हाय.”

तो घरात नव्हता. बहीण मात्र होती, वाळलेली, हसरी. फळीवर साबणांची उतरंड लागलेली, एकेकदा ओले होऊन वाळलेले.

“अक्का, साबण लई झाले गं,” ती म्हणाली.

“मग काय पायजे होतं तुला?”

बहीण पदराशी चाळा करत राहिली. “गाडीभाडं. तुझ्याकडं यायला किती येळा स्टँडवर जाऊन बसले. बायांना अर्धं तिकीट हाय म्हणतात. अर्धं तरी कुठून आणू?”

“फोनवर सांगायचं व्हतं.”

“फोन त्याच्या खिशात ऱ्हातो.”

मावशीनं बटवा काढला. गाठ इतकी जुनी की दातानं सोडावी लागली. आतली नोट बहिणीच्या हातात ठेवली, तिची मूठ स्वतःच्या दोन्ही हातांनी मिटली, आणि उठली.

परतीच्या गाडीत मी चिडलोच. “सोबत का नाही आणलं तिला? तो नोट काढून घेईल.”

“घेईल बी. पण मी आणलं तर मी आणलं व्हईल. तिला यायचं तर ती येईल.”

ते दिवस वाईट गेले. टेम्पोवाल्याला विचारायची हिंमत मावशीला होत नव्हती. मीठ कमी-जास्त होत होतं आणि आम्ही तसंच जेवत होतो. मग एका दुपारी नसीर दारातून आत ओरडला, “मावशी, साबणवाली आ गई.”

बहीण खरंच पिशवीभर साबण घेऊन आली होती. टाकवेनात म्हणे. आमच्या हात धुवायच्या मोरीवर ते वर्षभर पुरले.

त्याच संध्याकाळी मावशीनं नसीरचे खानावळीचे पैसे परत केले. “तुझं ताट माझ्याकडं. हे आईला धाड.”

“पैसे?”

“व्हय, पैसेच. तिचं तिला कळतंय काय आणायचं ते.”

नसीर शिक्षण पुरं करूनच गेला. मावशीचे गुडघे थकले तशी लेक तिला नाशिकला घेऊन गेली. खानावळ आता बहीण चालवते. भाकरी मावशीपेक्षा बरी करते, पण हे नाशिकला कळवू नका. मावशी नाशिकला निघाली त्या दिवशी आम्ही सगळे मुकुंदवाडी स्टेशनवर होतो. गाडी लागली, मावशी खिडकीशी बसली आणि बहिणीला मिठाचं प्रमाण सांगत राहिली. बहिणीनं आपल्या कमरेचा बटवा काढला, एक नोट काढली आणि खिडकीतून तिच्या हातात ठेवली.

“मला कशाला गं?” मावशी म्हणाली.

“ऱ्हाऊ दे, अक्का. यायचं वाटलं तर यायला.”