जिन्यात अडकलेलं स्ट्रेचर

आबा चार पायऱ्या वर जाऊन माझी वाट बघत होते आणि मी जिन्याच्या वळणावरच थांबले होते. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला स्टीलचा कठडा. मधून एक माणूस आरामात जाईल, दोघांना अंग चोरावं लागेल.

"या मॅडम, वर एसी लावलाय," आबा म्हणाले.

मी तेव्हा शिरूर तालुक्यात मेडिकल ऑफिसर होते, आणि त्या वर्षी दौंडचाही चार्ज माझ्याकडेच होता. पेशंटला मुक्कामाला ठेवून घेणारं कुठलंही हॉस्पिटल, अगदी चार बेडचं असलं तरी, नर्सिंग होम म्हणून नोंदवावं लागतं. सर्टिफिकेट जिल्ह्याहून मिळतं. त्याआधी कुणीतरी जागेवर जाऊन बघायचं आणि रिपोर्ट द्यायचा. ते काम माझं.

हे हॉस्पिटल सणसवाडीतलं. आबांची जमीन कंपन्यांच्या रस्त्याला लागून. तिथं त्यांनी बिल्डिंग बांधली. खाली गाळे, त्यातला मोठा गाळा त्यांच्या धाकट्या भावाच्या हार्डवेअरच्या दुकानाला, आणि वरच्या मजल्यावर सुनेचं हॉस्पिटल. सून म्हणजे डॉक्टर स्वाती. बाळंतपणाची डॉक्टर. पुण्यातली नोकरी सोडून ती इथं आली होती. आजूबाजूच्या खोल्यांमधून बिहार, ओडिशाकडची कुटुंबं राहतात. त्यांच्या बायकांना कळा सुरू झाल्या की हायवेच्या ट्रॅफिकमधून लांब जावं लागायचं. या हॉस्पिटलची गरज होती, यात मला काही शंका नव्हती.

वरचं सगळं चोख होतं. बेडमध्ये नीट अंतर, लेबर रूम स्वच्छ, सिस्टर शिकलेल्या, कचऱ्याच्या रंगीत पिशव्या आपापल्या डब्यात. मी बघत होते आणि मनात तो जिना घोळत होता. पडून असलेली बाई इथून खाली कशी नेणार? लिफ्टला जागाच सोडलेली नव्हती.

आबांना फोन आला, ते गॅलरीत गेले. मी स्वातीला विचारलं, "डॉक्टर, जिना तुमच्या लक्षात आला नव्हता का?"

तिनं दाराकडे बघितलं. आवाज खाली आणून म्हणाली, "प्लॅनवरच आला होता. मी बोलले होते. आबा म्हणाले, खाली गाळेच पाहिजेत. घरात नवी होते, पुढं नाही बोलले." मग म्हणाली, "मॅडम, रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहा. परवानगी नाही मिळाली तरी चालेल."

एवढ्या वर्षांत असं मला कुणी सांगितलं नव्हतं. लोक उलटंच सांगतात.

"लिहीन," मी म्हणाले, "पण आबांपुढं मी ते बोलणारच आहे. तुम्ही बोलायचं की नाही, ते तुम्ही बघा."

आबा आत आल्यावर मी जिन्याचं सांगितलं. त्यांना ते पटेना. त्यांचं म्हणणं, गावात माणसांची कमी नाही, चार जण उचलून नेतील, आजवर खाटेवरूनच माणसं नेली ना. बोलण्यात राग नव्हता. बाहेरची बाई काहीतरी बारीक काढतेय, एवढंच.

तेव्हा स्वाती म्हणाली, "आबा, तुम्ही झोपता का स्ट्रेचरवर? एकदा बघूच."

आबांनी सुनेकडे बघितलं. मग हसले आणि म्हणाले, "आणा." टोपी काढून त्यांनी उशाशी ठेवली आणि आडवे झाले. अंगानं चांगले भरलेले. खालच्या दुकानातून त्यांचे दोन पुतणे आले, त्यांनी दोन्हीकडून उचललं आणि निघाले.

पहिल्या पायऱ्या ठीक गेल्या. वळणावर स्ट्रेचरचं एक टोक भिंतीला टेकलं, दुसरं कठड्याला. वळेना. मागं घेतलं, तिरपं केलं. आबा एका कुशीवर घसरायला लागले, तसं त्यांनी कठडा घट्ट धरला. चेहरा उतरला होता.

"थांबा रं. उतरवा मला, मी चालत जातो."

स्वाती वरच्या पायरीवर उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "पेशंटला चालता येत नाही, आबा."

पुतण्यांना ना खाली जाता येईना, ना वर. शेवटी स्ट्रेचर कठड्याच्या वर उचलून, कसंबसं फिरवून त्यांनी ते खाली आणलं. आबा भावाच्या दुकानात खुर्चीवर बसले, पाणी प्यायले. मग मला चहा पाजला.

मी रिपोर्ट लिहिला: सध्याच्या जागेला शिफारस नाही. लगेच फोन सुरू झाले. एका पुढाऱ्यानं विचारलं की एवढ्या बायकांची सोय होतेय तर मी जिना कशाला धरून बसलेय. मग आमच्या जिल्ह्याच्या साहेबांचा फोन आला. अट घालून परवानगी देता येईल का, असं त्यांनी विचारलं.

"सर, तुम्ही एकदा त्या स्ट्रेचरवर झोपून या. मग म्हणाल तसं लिहिते."

साहेब म्हणाले, रिपोर्ट आहे तसाच पाठवा.

आबा एका रात्रीत बदलले नाहीत. घरात बरेच दिवस अबोला होता, हे मला नंतर स्वातीकडून कळलं. भाऊ दुकान हलवायला तयार नव्हता. शेवटी आबांनीच त्याला सांगितलं, "मी झोपलोय त्याच्यावर, तू न्हाई झोपला." दुकान वर गेलं नाही, पण मागच्या बाजूला गेलं. गाळ्यांमधली भिंत फोडली. लेबर रूम आणि वॉर्ड खाली आले, दाराशी रॅम्प झाला, वर डॉक्टरांचं घर. मी पुन्हा जाऊन बघितलं आणि शिफारस केली. सर्टिफिकेट आलं.

तेव्हापासून पाहणीला गेले की मी अर्जदाराशी थोडा वेळ एकटीनं बोलते. घरच्यांना चहा सांगायला पाठवते. नियमात हे कुठं लिहिलेलं नाही. पण अर्जावर सही एकाची असते आणि बिल्डिंग दुसऱ्याची, आणि खरं काय ते बहुतेक वेळा सही करणाऱ्यालाच ठाऊक असतं.