शेवटचा पंच

मळवलीच्या नसीम मुलाणीला कुणी विचारलं, कंपनीत तू करतेस तरी काय, तर ती म्हणायची, "लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि ज्याच्या त्याच्या गळ्यात घालायच्या." सुदुंबऱ्याजवळच्या, गाड्यांचे रबरी भाग करणाऱ्या एका कारखान्यात ती संगणक विभागाच्या मदतकक्षात बसते. कुणाचा प्रिंटर रुसला, कुणी पासवर्ड विसरला, कुणाचं गेटचं कार्ड चालेना, की फोन नसीमला. ती तक्रारीचं तिकीट बनवणार, म्हणजे नंबर देऊन संगणकात नोंद करणार, आणि योग्य माणसाकडं ढकलणार. नऊ वर्षं हेच, आणि नऊही वर्षं कंत्राटावर. दर मार्चला नवं कंत्राट हातात पडेपर्यंत तिला जेवण गोड लागत नसे.

या कामात सगळ्यांत किचकट प्रकार म्हणजे माणसाचं येणं आणि जाणं. नवा माणूस आला की मेल, संगणक, गेटचं कार्ड, कँटीन, बस अशा अकरा ठिकाणी त्याचं नाव घालायचं. माणूस गेला की त्याच अकरा ठिकाणांहून काढायचं. नसीम हे एका लांबट वहीत खुणा करत करायची, आणि वर्षाला एखादं ठिकाण राहून जायचंच. एकदा तर नोकरी सोडून दोन वर्षं झालेल्या माणसाच्या नावानं कँटीनमधून रोज थाळी जात होती. ती कोण खात होतं, हे आजतागायत कळलेलं नाही.

गेल्या वर्षाच्या सुरुवातीला कंपनीनं तिकिटांसाठी नवी प्रणाली घेतली. पुण्याच्या ऑफिसातून यशोधरा मॅडम आल्या आणि म्हणाल्या, ही कामं आता हातानं करायची नाहीत. प्रणालीला एकदा पायऱ्या शिकवायच्या, पुढचं तिचं ती करेल. कोण शिकतंय? मदतकक्षातले बाकीचे तिघं भिंतीवरचं घड्याळ बघू लागले. नसीमचा हात वर गेला. तो धाडसानं गेला असं काही म्हणवत नाही. आपलं काम यंत्र करणारच असेल, तर निदान त्याचा लगाम आपल्या हाती असावा, एवढाच तिचा विचार. मॅडमनी त्यावर एक शब्द दिला: "एप्रिल ते जून तू बसवलेली कामं चालवून बघू. जूनअखेर तुझ्या कामावर एकही तक्रार उघडी नसली, तर पर्मनंटच्या यादीत तुझं नाव मी पाठवते. यादी वर्षातून एकदाच जाते, लक्षात ठेव."

शिकणं म्हणजे काय दिव्य होतं, ते मळवली ते बेगडेवाडी लोकलनं तिच्याबरोबर जाणाऱ्या बायकांना विचारा. कानात वायरी घालून ही बाई मोबाइलवर दहा मिनिटांचा एकच धडा तीन-तीन दिवस बघत बसे. शिकवणारा इंग्रजीतून असा सुसाट बोलणारा, की जणू कुणी मागं लागलंय. नसीम कामशेतला बारावी झालेली. शब्द अडला की थांबवायचं, वहीत लिहायचं, पुन्हा मागं जायचं. पहिल्या प्रयोगात तिनं प्रणालीला सांगितलं, मेल आला की 'मिळाला' अशी पोच द्यायची. पोच तिच्याच पेटीत आली. आता पोच हाही एक मेलच. प्रणालीनं त्याचीही पोच दिली. नसीम चहा पिऊन येईपर्यंत चारशे पोचा जमल्या होत्या आणि शेजारच्या टेबलावरचा माऊली पोट धरून हसत होता.

गाडी रुळावर आणली ती तिच्या नवऱ्यानं. नवाज मळवलीतच पुण्याच्या एका डॉक्टरांचा बंगला सांभाळतो. शनिवार-रविवार तिथं पाहुणे उतरतात. तिची रड ऐकून तो म्हणाला, "त्यात काय आवघड हाय? पाव्हनं यायचं आसलं की आदी पान्याची मोटार, मग गीझर, मग चादरी. टाकीत पानी न्हाई आन् गीझर लावला, तर जळंलच की." नसीमनं कॅलेंडरच्या जुन्या पानामागं चौकोन काढले, त्यांना बाण जोडले. कशानंतर काय, आणि अमुक झालं नसेल तर थांबायचं कुठं. त्यानंतर तिला धडे कळायला लागले, इंग्रजीसकट.

एप्रिलमध्ये येणाऱ्या माणसांचं काम आपोआप होऊ लागलं. अकरा ठिकाणं, चार मिनिटं. मे महिन्यात तिनं जाणाऱ्यांचं बसवलं. एचआरनं शेवटची तारीख भरली, की त्या दिवशी रात्री बाराला अकराही दारं बंद. नसीमला स्वतःचं फार कौतुक वाटलं, आणि का वाटू नये?

मेअखेरीला तिघं निवृत्त होणार होते. त्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस एक जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख ठोकून दिलेली असते. तिघांपैकी दोघं ऑफिसातले. तिसरे मोल्डिंगच्या, म्हणजे रबर साच्यात दाबायच्या मशीनवरचे कोंडाजीआबा, सुदुंबऱ्याचेच, एकतीस वर्षं नोकरी झालेले.

एक जूनला सकाळी नऊच्या आत नसीम बसमधून उतरली, तर गेटापाशी गुलाल सांडलेला आणि पहाऱ्यावरची चिमाबाई तोंड पाडून उभी.

"काय झालं, मावशी?"

"काय व्हायचं ऱ्हायलंय? कोंडाजीआबाचं कारड लागंना. सातला हार घालून, हलगी वाजवत आणलं त्येंला गेटावर. कारड लावलं, लाल. पुसून लावलं, लाल. दोनी पाळ्यांची मानसं बघत्यात. आबा म्हनलं, मी काय चोर हाय का? शेवटी सायबाला फोन लावला आन् मटेरियल गेटातनं काडलं भाईर. तितं रबराच्या गोन्या उतरत व्हत्या, त्यातनं वाट काडत गेलं. हलगीवाला बी गप झाला."

त्या कारखान्यात कुठंही लिहून न ठेवलेली एक रीत आहे. मशीनवरचा माणूस निवृत्त होताना शेवटची पाळी तिसरीच मागून घेतो, रात्री अकरा ते सकाळी सात. सातला तिसरी पाळी सुटते आणि पहिली भरते, त्यामुळे दोन्ही पाळ्यांची माणसं गेटावर असतात. त्या सगळ्यांदेखत तो शेवटचं कार्ड पंच करतो, गेटावरच्या यंत्रात हिरवा दिवा लागतो, टाळ्या पडतात, आणि मग गावापर्यंत मिरवणूक. नसीम नऊ ते साडेपाचवाली. ही रीत तिनं ऐकली होती, बघितली कधी नव्हती. वहीच्या काळात गेलेल्या माणसाचं नाव ती दुसऱ्या दिवशी चहाबिहा झाल्यावर, अकराच्या सुमाराला काढायची. तोवर मिरवणूक घरी पोचलेली असे. तिच्या दिरंगाईनं इतकी वर्षं सगळ्यांची अब्रू राखली होती. प्रणाली मात्र बाराच्या ठोक्याला हजर. आबा आत मशीनवर घाम गाळत असतानाच तिनं त्यांचं कंपनीतलं नाव पुसून टाकलं होतं.

जागेवर जाऊन नसीमनं नोंदी उघडल्या. 'अकरापैकी अकरा पायऱ्या यशस्वी.' तक्रार एकही नाही. असणार कशी? तक्रार करायला जे खातं लागतं, तेही त्या अकरांत बंद झालेलं. म्हणजे ती गप्प बसली असती, तर तिच्या नावावर साधा ओरखडाही उठला नसता. माऊली हळूच म्हणालासुद्धा, "ताई, नोंदवलं नाही तर झालंच नाही." नसीमला राग आला, पण त्याचा नाही, स्वतःचा. हा विचार त्याच्या आधी तिच्या मनात येऊन गेला होता. जेवणाच्या सुट्टीआधी तिनं कोंडाजीआबांच्या वतीनं, आपल्याच कामाविरुद्ध तिकीट नोंदवलं.

घरी सगळं ऐकून नवाज म्हणाला, "आमी पाव्हन्याची गाडी फाटकाभाईर पडल्याबिगर पान्याची मोटार बंद करत न्हाई. खोली सोडायचा टायम अकराचा आसला तरी. आत कुनी आंगूळ करत आसंल तर?" दुसऱ्या दिवशी नसीमनं एका बाणाची जागा बदलली. नुसती तारीख उलटून भागणार नाही. माणसाचा बाहेर पडल्याचा पंच आधी नोंदला गेला पाहिजे, मगच दारं बंद. एवढंच. पण हे एवढंच सुचायला एका माणसाची फजिती व्हावी लागली, हे तिच्या मनातून जाईना.

यशोधरा मॅडम रागावल्या नाहीत. "चुका होतातच गं. दुरुस्ती झाली ना? आता तक्रारदाराचा होकार घे आणि तीस तारखेच्या आत तिकीट बंद कर, म्हणजे मी नाव पाठवायला मोकळी." तिकीट बंद करण्याआधी प्रणाली तक्रारदाराला एकच प्रश्न विचारते: तुमची तक्रार दूर झाली का? होय किंवा नाही. आबांना आता खातं नव्हतं, तेव्हा उत्तर त्यांच्या वतीनं नसीमलाच भरायचं होतं. बसल्या जागी 'होय' भरता आलं असतं. पण गुरुवारच्या सुट्टीला ती सुदुंबऱ्याला गेली.

आबा अंगणात फवारणीच्या पंपाचा पट्टा शिवत बसले होते. सून राजेश्वरीनं चहा आणून दिला. नसीमनं आढेवेढे घेतले नाहीत.

"आबा, चूक माझी होती. रात्री बाराला कार्ड बंद करायचं, असं मीच मशीनला सांगून ठेवलं होतं."

आबांची सुई थांबली. "तू? मला वाटलं, सायबानं मुद्दाम केलं. मागल्या म्हैन्यात मीटिंगीत मी लय बोललो व्हतो त्याला."

म्हणजे इतके दिवस हा माणूस तेच मनात धरून बसला होता. नसीमनं त्यांना काय बिघडलं होतं ते सांगितलं, आणि आता पुढच्या कुणाचं असं होणार नाही हेही सांगितलं. आबांनी मान हलवली. "बेस केलंस."

"मग आबा, कंपनी विचारतेय, तुमची तक्रार दूर झाली का?"

"तुला काय लिवावं लागतंय का त्येचं? तुजं काय हाय त्यात?"

आता यादीचं खरं सांगितलं असतं, तर म्हातारा लगेच 'व्हय' म्हणाला असता. दारी आलेली पोर आणि समोर तिच्या नोकरीचा प्रश्न. दुसरं काय म्हणणार होता? नसीमनं कप खाली ठेवला. "माझं काही नाही, आबा. तुम्हाला काय वाटतं ते सांगा."

आबांनी सुई पट्ट्यात खोचून ठेवली. "पुढच्या मानसाची झाली. माजी न्हाई, पोरी. एकतीस वर्सं मानसांच्या गेटातनं आलो-गेलो, आन् शेवटाला गोन्यांच्या गेटातनं गेलो. मंडळी हितं ओवाळायचं ताट घिऊन उभी. म्हनली, हलगी का वाजंना? तिला काय सांगू मी? न्हाई. न्हाई झाली दूर."

नसीमच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते लपवलं नाही आणि आबांनीही न बघितल्यासारखं केलं नाही. "च्या घे," ते म्हणाले, "निवतोय."

दुसऱ्या दिवशी कक्षात येऊन तिनं 'नाही' भरलं. प्रणालीनं विचारलं, नक्की? तिनं नक्की केलं. तिकीट उघडंच राहिलं.

तीस जूनला दुपारी पुण्याहून फोन आला. मॅडमचा आवाज चढला होता. "अगं, एक 'होय' भरायला काय झालं होतं तुला? त्यांना कळलंही नसतं!"

"प्रश्न त्यांना होता, मॅडम. मी विचारून आले."

"यादी आता पुढच्या वर्षी जाईल, कळतंय का तुला?"

"माहीत आहे, मॅडम," नसीम म्हणाली. "विचारायला गेले, तेव्हाही माहीत होतं."