मैनुद्दीनभाईंची मापपट्टी

आपल्या मुलाच्या हातून एखाद्या दिवशी कुणाचा तरी जीव जाईल, ही भीती आनंदीबाईंच्या मनातून काही केल्या जात नव्हती. सर्जेराव दुष्ट नव्हता. त्याने कधी मुंगीसुद्धा मारली नव्हती. तेवढे कष्ट त्याने घेतलेच नसते. चव्वेचाळीस वर्षांचा हा गृहस्थ आजवर दुसऱ्यांच्या वस्तूंवर जगत आला होता, आणि वस्तू परत करताना तिचा एखादा भाग त्याच्याकडे उरत असे. शाळेत असताना मित्राची कंपासपेटी परत जाई, करकटक घरी राही. शेजारणीचा मिक्सर परत गेला, त्याचं झाकण अजून फडताळात होतं. चोरी म्हणावी तर तेवढी धमकही त्याच्यात नव्हती. नुसतं राहून जाई.

विश्रांतवाडीची जमीन बिल्डरला गेली तेव्हा भावकीतल्या बाकीच्यांनी मोटारी घेतल्या. सर्जेरावाने शिडाची होडी घेतली. त्याला पोहता येत नव्हतं. वारा कुठून येतोय हे झेंड्याकडे बघूनही त्याला सांगता येत नसे. पण धरणाच्या काठावर हौशी होडीवाल्यांचा एक क्लब होता आणि तिथे लोक एकमेकांना ‘आपण’ म्हणत. हे त्याला फार आवडलं. दर रविवारी तो पांढरी टोपी घालून निघे. आनंदीबाई बी.ए. झाल्या होत्या, पण त्या टोपीसाठी योग्य शब्द त्यांना अजून सापडला नव्हता.

होडीची अवजारं साध्या दुकानात मिळत नाहीत, म्हणून क्लबात ती एकाकडून दुसऱ्याकडे फिरत. त्यात सगळ्यात मान होता तो मैनुद्दीनभाईंच्या पकडीला. भाईंचं बुधवार पेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि ही हातभर लांब पकड त्यांच्या भावाने कुवेतहून आणून दिली होती. होडीची डोलकाठी तारांच्या ताणावर उभी असते. तारेच्या टोकाशी तांब्याची नळी बसवायची आणि पकडीने ती घट्ट दाबायची. नळी पुरती दाबली गेली का, हे डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी पोलादाची एक खाचेची पट्टी होती. दाबलेली नळी खाचेतून आरपार गेली तर ठीक. अडली, तर जोराच्या वाऱ्यात तार निसटणार आणि डोलकाठी बसलेल्यांच्या डोक्यावर येणार. पकड आणि पट्टी एका पत्र्याच्या डब्यात असत. परत देताना मालकासमोर डबा उघडून दाखवायचा, अशी रीत होती.

गणपतीच्या आधी सर्जेराव डबा परत द्यायला गेला, तेव्हा खरेदीच्या निमित्ताने आनंदीबाई बरोबर होत्या. भाईंनी डब्याच्या कडीकडे हात नेला, तसा सर्जेराव हसून म्हणाला, “भाई, आता आईसमोर माझी झडती घेता का?”

भाईंचा हात तिथेच थांबला. “छे, काहीतरीच काय बोलता आपण. ताई, बसा, चहा सांगतो.”

सभ्य माणसांच्या संकोचावर सर्जेराव असा जगत आला होता.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी, जेवण झाल्यावर त्याने सोड्याची बाटली उघडली. किल्ल्यांच्या जुडग्यातल्या एका पोलादी पट्टीने.

“हे काय रे?” आनंदीबाईंनी विचारलं.

“ओपनर.”

“ओपनरवर मिलिमीटर लिहिलेले असतात?”

सर्जेरावाने एक घोट घेतला. “भाईंच्या डब्यातली आहे. राहून गेली.”

“गणपतीपासून?”

“त्यांनी विचारलं नाही.”

“डबा उघडू दिला असतास, तर विचारलं असतं.”

तेवढ्यात टेबलावरचा मोबाइल वाजला. हातात बाटली होती म्हणून त्याने स्पीकर लावला. क्लबातले दत्तोबा बोलत होते, फॅक्टरीतून निवृत्त झालेले.

“सर्जेराव, भाईंची पकड आणली होती. चारही तारा बसवून झाल्या. पण डब्यात पट्टी नाही हो. आता विचारावं, तर भाईंना वाटायचं, म्हाताऱ्याने हरवली. आपण वापरली तेव्हा होती का?”

सर्जेरावाने बोटाभोवती जुडगा फिरवला. “आठवत नाही बुवा. पण पट्टी नवशिक्यांसाठी असते, दत्तोबा. आपल्यासारख्यांना हाताला कळतं.”

“मग हरकत नाही म्हणता? उद्या नातीला घेऊन जाणार आहे पाण्यावर.”

“बिनधास्त.”

फोन बंद झाला. पोटच्या पोराची किळस यावी, याची आनंदीबाईंना लाज वाटली. पण किळस आलीच.

“आत्ता परत फोन कर. खरं काय ते सांग.”

“काय सांगू? बाटल्या उघडत होतो म्हणून?”

“हो.”

“आई, मला पुन्हा कुणी साधा पाना देणार नाही.”

“विकत घे.”

“तसं नसतं ते. तिथे देण्याघेण्यावरच माणूस ठरतो.”

“ठरला की.”

सर्जेरावाचा चेहरा पडला. “माझ्या तारा नाही का टिकल्या?”

“तुझी होडी जूनपासून शेडमध्ये आहे, सर्जा.”

“सोमवारी गुपचूप डब्यात टाकतो. झालं समाधान?” म्हणत तो आत गेला. पाच मिनिटांत घोरूही लागला. झोप मात्र त्याची कायम स्वतःची होती.

आनंदीबाई टेबलाशी बसून राहिल्या. दिवाणाखाली सापडली, असं सांगता येईल. दत्तोबा विश्वास ठेवतील, भाई तर आभारच मानतील. अशी सारवासारव त्यांनी आयुष्यभर केली होती, आणि समोरच्यांनी ती चहाबरोबर गिळली होती. पण मग दत्तोबा विचारणार, “आत्ता तर सर्जेराव म्हणाले, पट्टी लागत नाही?” आणि तारा तपासणं राहून जाणार. पट्टी लागतेच, आणि सर्जेरावाला ते ठाऊक होतं, हे सांगितल्याशिवाय कुणी होडी काठावर ठेवणार नव्हतं.

सांगितलं की क्लब सुटणार. मग हा रविवारी कुठे जाणार? त्याला ‘आपण’ म्हणणारं गावात दुसरं कुणी नव्हतं. पण दत्तोबांची नात फार तर आठ-नऊ वर्षांची असेल.

त्यांनी चष्मा लावला, त्याच्या मोबाइलमधून दत्तोबांचा नंबर कागदावर उतरवून घेतला आणि आपला फोन जवळ ओढला. काय बोलायचं ते मनात जुळवलं: मी सर्जेरावची आई बोलतेय. पट्टी आमच्याकडे आहे, त्याला माहीत होतं, आणि तो तुमच्याशी खोटं बोलला.