वसतिगृहातली पाठराखीण

आमच्या सोनिवलीत मुलीचं लग्न ठरलं की भटजीच्या आधी कौसाआत्याला सांगावा जायचा. मुलगी पहिल्यांदा सासरी निघाली की माहेरची एखादी बाई पाठराखीण म्हणून तिच्याबरोबर जाते आणि चार-पाच दिवस तिच्यापाशी राहते, ही आमच्याकडची रीत. पण गुरंढोरं, पोरंबाळं टाकून पाच दिवस जायला सवड कुणाला असते? कौसाआत्याला होती. नवऱ्याने दुसरी बायको केल्यावर ती माझ्या बाबांकडे, म्हणजे धाकट्या भावाकडे परत आली होती. मूलबाळ नव्हतं. सकाळी डोक्यावर भाजीची पाटी घेऊन हेंद्रेपाड्यात फिरायचं आणि दुपारी घरी यायचं, एवढाच तिचा व्याप. तेव्हा "कौसाबाईचं काय, ती मोकळीच आहे," असं म्हणत गावाने तिला अकरा मुलींबरोबर धाडलं. लहानपणी मला तिच्या त्या मोकळेपणाचा हेवा वाटे. अक्कल पुढे आली.

पाठराखीण म्हणून ती भारी चौकस. पाणी कुठून भरतात, मोरीला दार आहे का, घरात पहिलं कोण उठतं, सासू जेवताना पोरीच्या ताटाकडे बघते का, कुत्रं कुणाचं आणि चावतं का, हे सगळं ती दोन दिवसांत काढून घ्यायची आणि मुलीच्या कानात सांगायची. शिवाय तिचा एक नेम होता. पाच दिवस होवोत की आठ, मुलगी स्वतःच्या तोंडाने "आता जा" म्हणेपर्यंत ती हलायची नाही. व्याह्यांनी कितीही नाकं मुरडली तरी नाही.

हे सगळं सांगायचं कारण असं की तिची बारावी मुलगी मी. आणि माझं लग्न झालेलं नव्हतं.

१९९१च्या ऑक्टोबरात मला उल्हासनगरला डी.एड.ला प्रवेश मिळाला. यादीत सगळ्यांत शेवटचं नाव माझं. वसतिगृहात राहण्याची सक्ती होती. बाबा आनंदनगरला रंगाच्या एका कारखान्यात पाळीने जात आणि उरलेल्या वेळात शेती बघत. माझ्या शिकण्याचं त्यांना वावडं नव्हतं, पण अंबरनाथचं एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगा कंपनीत परमनंट होता आणि तुळशीची लग्नं लागली की बार उडवून द्यावा, असं घरात घाटत होतं. मी दोन दिवस अन्नाला शिवले नाही, तेव्हा बाबा वैतागून म्हणाले, "जा. पन बनू, एक सांगून ठेवतो. तिथून मना एकदा जरी बोलावना आला, तर वलकटी उचलून घरी यायचा आनि मुकाट बोहल्यावर उभा र्‍हायाचा."

मी मूळची भित्री. मांजर आडवं गेलं तरी मला वाटे, गेलं आपलं डी.एड. निघायच्या आदल्या दिवशी आत्याने मला कासाराकडे नेऊन कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरल्या. मी काही बोलले नाही. सकाळी आईने ओटीत तांदूळ आणि नारळ घातला. त्यालाही काही बोलले नाही. मग बघते तर आत्या धुवट लुगडं नेसून, स्वतःची वळकटी काखेत मारून दारात उभी.

"आते, तू कुठं?"

"तुझ्यासंगं."

"अगं, ते वसतिगृह आहे. तिथे मुलीच राहतात."

"परक्या घरी र्‍हायला चाललीस ना? मंग यकटी कशी जाशील?"

बाबा पाळीवर गेलेले. आईला उलट बरंच वाटलेलं दिसत होतं. गावातल्या रघूचा टेम्पो रोज लाकडाच्या फळ्या घेऊन उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात जायचा, त्यात आम्ही पुढे बसलो. वाटभर आत्या मला समजावत होती की पहिल्या दिवशी पोट भरून जेवायचं नाही, चिमटीने जेवायचं. मला तर पाणीसुद्धा गिळवत नव्हतं.

वसतिगृह कॅम्प नंबर चारमध्ये एका जुन्या बराकीत होतं. लांबलचक, बुटकं, मध्ये भिंती घालून खोल्या पाडलेलं. समोर रस्त्यापलीकडे तसलीच दुसरी बराक, तिच्यात सिंधी कुटुंबं, दारादारांत खाटांवर पापड वाळत घातलेले. रेक्टर होत्या कुमुदिनी मॅडम. त्यांनी माझा फॉर्म उघडला, चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "या कोण?"

मी तोंड उघडेपर्यंत आत्या बोलून मोकळी झाली. "मी पाठराखीन हाय पोरीची. पाच दिस र्‍हाईन. मना खाट नको, भुईवर पडन."

मॅडमचं पेन थांबलं. त्यांनी माझ्या हातातल्या हिरव्या बांगड्या पाहिल्या. ओटीतला नारळ पाहिला. मग फॉर्मवर जिथे मी 'अविवाहित' लिहिलं होतं तिथे बोट ठेवलं.

"लग्न झालंय तुझं?"

"नाही हो मॅडम! आईशप्पथ नाही."

"मग पाठराखीण कशाला?"

मी रडायलाच लागले, त्यामुळे त्यांचा संशय पक्का झाला. मॅडमचंही बरोबर होतं. आदल्या वर्षी एका मुलीने लग्न झाल्याचं लपवलं होतं. सासरचे येऊन तिला भर वर्गातून उठवून घेऊन गेले. तिची जागा वर्षभर रिकामी राहिली आणि वरून मॅडमना बोलणी बसली. म्हणून त्यांनी नियमच केला होता. लग्न झालेली मुलगी वसतिगृहात नाही, आणि वसतिगृह नाही तर प्रवेश नाही.

"शनिवारी बारा वाजेपर्यंत वडिलांनी स्वतः इथे यायचं आणि हमीपत्रावर सही करायची," त्या म्हणाल्या. "नाही आले, तर नाव कमी होईल. पुढच्या नंबरची मुलगी थांबलीय. आणि या बाईंना आत राहता येणार नाही."

वडिलांना बोलावणं. नेमकं तेच, जे कधी जायला नको होतं. फाटकाबाहेर आल्यावर मी आत्यावर अशी तुटून पडले की आज आठवलं तरी लाज वाटते. "कशाला आलीस तू? कुणी बोलावलं होतं तुला? जा! आत्ताच्या आत्ता जा!"

आत्याने ऐकून घेतलं. काखेतली वळकटी सारखी केली.

"रागानं सांगितलेला मी धरत नाय," असं म्हणून ती रस्ता ओलांडून समोरच्या ओट्यावर जाऊन बसली.

तो ओटा ईश्वरीबाईंचा. साठीची सिंधी बाई, घरी पापड लाटायची. अनोळखी बाई ओट्यावर ठाण मांडून बसली म्हणजे कुणीही हटकलं असतं. ईश्वरीबाईंनी विचारपूस केली आणि म्हणाल्या, "बैठो मौसी, आराम से बैठो. हम भी इसी बराक में एक पेटी लेके आए थे, साथ में कोई नहीं था." संध्याकाळपर्यंत आत्या त्यांच्याबरोबर पापड लाटत होती.

माझ्या खोलीत आम्ही आठजणी. शेजारची खाट मालिनीची. ती अंबरनाथच्या एका कारखान्यातल्या साहेबांची मुलगी, तिची ट्रंक नवी, कुलूप नवं, चादरीवर गुलाब. माझ्याकडे गोधडी आणि तांदळासकट नारळ. दुसऱ्या दिवशी तिने खिडकीतून पाहत विचारलं, "समोर ती बाई कोण गं? सारखी आपल्याच खिडकीकडे बघतेय."

"असेल कुणीतरी," मी म्हणाले.

तेवढ्यात ओट्यावरून खणखणीत आवाज आला, "बनूऽ! तिसऱ्या नलाचा पानी पिऊ नको गो! त्याला गढूल येतंय! झाडूवाली सांगत व्हती!"

सातहीजणी माझ्याकडे वळल्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. पण खरं सांगायचं तर त्या दिवसापासून तिसऱ्या नळाकडे कुणी फिरकलं नाही, आणि मालिनी रोज सकाळी मला विचारायला लागली, "आज काय म्हणतेय तुझी आत्या?"

मला मात्र हसू येत नव्हतं. मंगळवार गेला, बुधवार गेला. वर्गात बाल-मानसशास्त्र शिकवत होते आणि मी वहीच्या मागच्या पानावर शनिवारपर्यंतचे तास मोजत होते. बाबांना निरोप पाठवला तर ते येणार ते मला न्यायलाच. नाही पाठवला तर शनिवारी नाव कमी. दोन्हीकडून मरण एकच, तरी मी निरोप पाठवत नव्हते, कारण न पाठवण्यात निदान दोन दिवस जास्त मिळत होते. जेवणाचं ताट तसंच परत जायचं. आत्या कागदात बांधून भाजलेला पापड पाठवायची, तोही उशाशी मऊ पडायचा.

गुरुवारी दुपारी ती फाटकाच्या गजांपाशी आली.

"रघूला सांगितलाय. नाथाला घेऊन येयाला."

नाथा म्हणजे माझे बाबा. "आते, माझं वाटोळं केलंस तू."

"सई त्याचीच लागनार ना? मंग भीत किती दिस बसायचा?"

तिच्याशी मी बोलणंच टाकलं.

शनिवारी सकाळी नऊपासून मी ऑफिसबाहेरच्या बाकावर बसून होते. दहा वाजता एक मुलगी ट्रंक घेऊन आली आणि तिच्या वडिलांसह त्याच बाकावर, माझ्या शेजारी बसली. तीच ती, पुढच्या नंबरची. तिने मला विचारलं, "तुमचं पण आजच का?" मी मान हलवली. घड्याळ तिच्या डोक्यावर होतं, त्यामुळे मी सारखी तिच्याकडे बघतेय असं तिला वाटत असणार. साडेअकरा झाले. पावणेबारा झाले. मॅडम एकदा दारात येऊन आम्हा दोघींना बघून गेल्या.

बाराला दहा कमी असताना बाहेर टेम्पो थांबला. बाबा रात्रपाळी करून तसेच आले होते, खाकी कपड्यांवर निळे-पिवळे डाग. हातात सुती दोरीचं वेटोळं होतं. ते बघून माझा उरलासुरला धीर गेला. वळकटी बांधायची दोरी घरून घेऊनच आले होते.

"सामान काढ," एवढंच ते म्हणाले.

मॅडमनी त्यांना आत बोलावलं आणि हमीपत्र वाचून दाखवलं. माझी मुलगी अविवाहित आहे आणि दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण होईपर्यंत मी तिचं लग्न करणार नाही, असं त्यात लिहिलेलं होतं. हा दुसरा भाग मलाही माहीत नव्हता.

"सई कशाला?" बाबा म्हणाले. "पोरीला न्यायाला आलोय मी."

"म्हणजे लग्न ठरलंय तिचं?"

"ठरवतोय."

मॅडमनी पेनाला टोपण घातलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

"नाथा," दारातून आत्या म्हणाली. तिला आत यायची बंदी होती, म्हणून ती उंबऱ्याच्या बाहेरच उभी होती. "मना दिली तवा तू केवढा व्हतास?"

बाबांनी मागे वळून पाहिलं.

"सात वर्साचा. गाडीच्या मागं वढ्यापरयंत धावलास. मी बारा वर्साची. जनूमावशी माझी पाठराखीन. दुसऱ्या दिशी सकाली उठून बघते, तर तिची वलकटी नाय. मना न सांगता गेली ती. मी तिला जा म्हनलीच नव्हती, नाथा." तिचा आवाज चढला नाही, हेंद्रेपाड्यात भाजीचा भाव सांगावा तसा सरळ होता. "ही पोर पाच दिस जेवली नाय. भिऊन भिऊन काली पडली. माझ्याशी बोलाया टाकला. पन येकदा तरी म्हनली का, की मना घरी ने? नाय म्हनली. अकरा पोरी पोचवल्यात मी. कोन कुठं नांदंल ते मना कलतं. ही इथं नांदंल."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. अकरा मुलींना ती का धरून बसत होती, हेही तेव्हाच कळलं. बाबा हातातल्या दोरीकडे बघत राहिले. घड्याळात बाराला दोन मिनिटं होती. मग ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "कुठं करायची सई?"

बाबा चौथी शिकलेले. एकेक अक्षर दाबून लिहिताना कागद फाटतो की काय, अशी भीती मला वाटत होती. मॅडमनी शिक्का मारला. बाकावरच्या मुलीचे वडील तिची ट्रंक उचलून चालू लागले. तिचं मला फार वाईट वाटलं, असं लिहायला हवं, पण खोटं कशाला बोलू? ते नंतर वाटलं. तेव्हा मी फक्त श्वास घेत होते.

बाबांनी आणलेली दोरी वाया गेली नाही. फाटकाबाहेर त्यांनी तिने आत्याची वळकटी बांधली आणि टेम्पोत टाकली. ईश्वरीबाईंनी पापडांचा डबा दिला. रघूने टेम्पो सुरू केला तरी आत्या माझ्यासमोर उभीच.

"जाऊ?" तिने विचारलं.

पाच दिवस तिने निघून जावं म्हणून मी तडफडत होते. आता मला तिचं लुगडं धरून ठेवावंसं वाटत होतं. खोलीत सातजणी होत्या, वर्गात चाळीस, आणि त्यांतलं माझं कुणीच नव्हतं.

"जा," मी खाली बघत पुटपुटले.

"असा नाय. नीट सांग."

"जा, आते. मी नांदेन इथं."

मगच ती टेम्पोत चढली.