मागच्या खोलीतल्या बाटल्या

सत्त्याण्णव साली मी कतारला निघालो तेव्हा बाबा माडावरून नुकतेच उतरले होते. टेम्पो दारात उभा होता, आय पदराने डोळे पुसत होती, आणि माझी बायको तेरेसा बॅगेला तिसऱ्यांदा दोरी आवळत होती. बाबांनी मडकं जमिनीवर ठेवलं, त्याला कान लावला आणि मला हातानेच थांब म्हणून खूण केली. आतली माडी ऐकून झाल्यावर मग माझ्याकडे वळले. माडी चढतेय की शांत झालीय, हे ते आवाजावरून सांगायचे. "मडकं खोटं बोलत नाही, माणूस बोलतो," एवढंच म्हणाले. निरोप असा काही दिलाच नाही.

माझी शाळा चौथीपर्यंत. हे मी कुणाकडून लिहून घेतलेलं नाही, अक्षर माझं आहे. जे तिकडे गेले आणि जे इथे राहिले, दोघांनी वाचावं. माझ्या घरातल्या एका माणसाने तर वाचायलाच हवं.

मेसईदला खताच्या कारखान्यात मी पाइप फिटर. तिथे अमोनिया कुठे गळतोय हे यंत्राच्या आधी माझ्या नाकाला कळायचं. त्यावरून आमचा इंग्रज सुपरवायझर कॉलिन साहेब माझ्यावर खूश. त्याच्या बापजाद्यांची हॉप्सची शेती होती. बिअरला कडूपणा आणि वास देणारी ती फुलं, वाळवून दाबली की गुरांच्या पेंडीसारख्या हिरव्या गोळ्या होतात. साहेबाकडे दारूचा परवाना होता, पण दुकानातली बिअर त्याला पाण्यासारखी लागायची, म्हणून तो घरीच करायचा. एकदा त्याने माझ्यापुढे चार जातींच्या हॉप्सच्या चार पुड्या ठेवल्या, म्हणाला, वास घे आणि सांग.

इंग्रजी मला कामापुरतं. मोडक्या हिंदी-इंग्रजीत सांगितलं. फगल नावाच्या पुडीला केळीच्या वाफ्यातल्या ओल्या मातीचा वास. साझला पानवेलीच्या मांडवाचा. कॅस्केड म्हणजे नखाने सोललेलं पपनस. चौथीचं नाव आता आठवत नाही, तिला रंध्याखालच्या ताज्या लाकडाचा वास होता. साहेबाने मला थेट स्वयंपाकघरात नेलं. त्या दिवसापासून मी त्याच्या ओट्याशी बिअर करायला शिकलो. मला आयुष्यात कुणी हुशार म्हटलं नव्हतं. त्याने म्हटलं, आणि तिथेच माझं बिघडलं.

तीनेक वर्षांनी साहेब मायदेशी गेला. त्याचं पिंप, बुचं ठोकायचं हत्यार, साखर मोजायची काचेची तरंगणी आणि हॉप्सच्या पुड्या मला देऊन गेला. माझ्याकडे परवाना नव्हता, आमच्यासारख्यांना तो मिळतही नव्हता. कॅम्पात खोल्या तपासायचे. पकडलं की आधी कोठडी, मग विमान, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून ते सामान मी लॉरेन्सकडे नेलं.

लॉरेन्स तेरेसाचा धाकटा भाऊ. हॉस्पिटलात क्लार्क, दोह्यात बिन महमूदला फ्लॅट, बायको फिलू आणि नववीतली मुलगी शेरल. मी मराठीत विचारलं की शेरल इंग्रजीत उत्तर द्यायची, पण आतोबा म्हणून पाया पडायची. शुक्रवारी मी बसने दोह्याला यायचो, मिस्साची प्रार्थना झाली की त्यांच्याकडे जेवण. सामान बघून लॉरेन्सचा चेहरा उतरला.

"भावजी, हे घर माझ्या नावावर आहे," तो म्हणाला.

मी म्हटलं, तुझ्या घरी लग्नकार्याला बाटली लागते तेव्हा ती कुणाचा बाप गाळतो ते विचारू का? तो हसला, पण हसायचं म्हणून. बहिणीच्या नवऱ्याला नाही म्हणायची आमच्यात पद्धत नाही, आणि मी ते पुरतं ओळखून होतो.

मागच्या खोलीत पिंप बसलं. वॉचमन जिन्यात विचारू लागला, सारखा पाव भाजता का. वरच्या मजल्यावरचं कुटुंब आमच्या दारावरून जाताना बोलणं थांबवायचं. फिलूने खिडकीच्या फटी ओल्या फडक्याने बुजवल्या. मला हे सगळं दिसत होतं. मी शुक्रवारी ग्लास ओळीने मांडायचो, डोळे मिटायचो आणि कुठला हॉप्स ते बिनचूक सांगायचो. लॉरेन्सचे दोन मित्र टाळ्या वाजवायचे. लॉरेन्स दाराकडे कान लावून बसायचा.

मग साहेबाचा निरोप आला की कामानिमित्त आठवडाभर दोह्याला येतोय. मी ठरवलं, त्याच्यापुढे एकाच दमात चार हॉप्सच्या चार बिअर ठेवायच्या. त्यासाठी आणखी तीन पिंपं आणली. उन्हाळा होता, खोलीत एसी रात्रंदिवस. आठवड्याने पिंपांना कान लावला. आवाज नाही. म्हटलं, खलास, तयार झाली.

लॉरेन्सने तरंगणी सोडून आकडा वाचला आणि साहेबाने कृती लिहून दिलेल्या कागदाशी ताडून बघितला. साखर अजून बरीच शिल्लक आहे, म्हणाला, भावजी, बाटल्यांत भरू नका. मी म्हटलं, माझ्या बापाने आकडे वाचून माडी उतरवली नाही. वर मीच त्याला बसवलं आणि प्रत्येक बाटलीवर हॉप्सचं नाव इंग्रजीत लिहून चिकटवायला लावलं. मला इंग्रजी लिहिता येत नव्हतं, आणि साहेबापुढे बिननावाची बाटली ठेवायची नव्हती. त्याचं अक्षर छापल्यासारखं. ऐंशी चिठ्ठ्या लिहिल्या त्याने.

बाबांच्या मडक्याला एसी ठाऊक नव्हता. गारठ्याने आतला आंब, साखरेची दारू करणारा, नुसता झोपला होता, मेला नव्हता. पुढच्या आठवड्यात फिलू आणि शेरल सुट्टीवर वसईला गेल्या. एकट्याला दोन खोल्या कशाला गार करायच्या म्हणून लॉरेन्सने मागच्या खोलीचा एसी बंद केला. बंद खोली, जुलैचं कतार. आंब जागा झाला, उरलेली साखर खाऊन बंद बाटल्यांत वायू भरू लागला.

साहेबाच्या येण्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी दुपारी, मी बसमधून उतरून गल्लीत वळलो तर इमारतीसमोर माणसं जमलेली. वॉचमनने सांगितलं, आत गोळीबारासारखे आवाज झाले, दाराखालून फेस जिन्यात आला, मालकाने पोलीस बोलावले. सबंध गल्लीला पपनसाचा वास येत होता. कॅस्केड. तेवढ्यातही माझ्या नाकाने ते ओळखलं, याची मला आज शरम वाटते.

लॉरेन्सला ऑफिसातून आणलं होतं. दोन पोलिसांच्या मधे तो जिना उतरला, पँट घोट्यापर्यंत ओली. एकाच्या हातात न फुटलेली बाटली होती, तिच्यावर त्याचंच अक्षर. मी पाच पावलांवर. एक शब्द बोलायचा होता, 'मेरा'. हिंदी तिथे सगळ्यांना कळते. लॉरेन्सने माझ्याकडे बघितलं आणि मराठीत, आवाज न चढवता म्हणाला, "भावजी, जा तुम्ही. तुमची बस चुकेल."

मी गेलो. पळालो नाही, चालत गेलो. बसमध्ये खिडकीची जागाही मिळाली.

दोन महिने तो आत होता, मग त्याला परत पाठवलं. शेरलची शाळा तिथेच सुटली. दहावीच्या वर्षाला ती वसईत आली आणि वर्गात पुस्तकातलं मराठी वाचता येईना म्हणून मुली हसायच्या. लॉरेन्सने स्टेशनबाहेर झेरॉक्सचं दुकान टाकलं. माझं नाव त्याने तिथेही घेतलं नाही आणि इथेही नाही. मी आणखी आठ वर्षं नोकरी केली, स्लॅबचं घर बांधलं.

तेरेसाने मात्र भावाला सोडलं नाही. आय गेली, तिच्या नवव्या दिवसाच्या जेवणाला, सगळ्यांसमोर ती त्याला म्हणाली, "माझ्या नवऱ्याची नोकरी घालवली असतीस. तो दर शुक्रवारी तुझ्याकडे यायचा, तुझ्या दारूपायी तोही आत गेला असता." लॉरेन्स पाणी प्यायला आणि उठून गेला. फिलू माझ्याकडे बघत होती. मी भात कालवत राहिलो. तेव्हापासून बहीणभाऊ बोलत नाहीत. चर्चमध्ये तेरेसा उजवीकडे बसते, तो डावीकडे.

हे लिहायला घेतलं तेव्हा मी दुकानात जाऊन लॉरेन्सला सांगितलं. तो मशीनमध्ये कागद भरत होता. म्हणाला, आता कशाला भावजी, शेरलचं लग्न झालं, तुमचं वय झालं. मी म्हटलं, मी तुला विचारायला आलो नाही, सांगायला आलोय. या वयात स्वभाव बदलत नाही.

इथवरचे कागद मी सकाळी तेरेसाच्या पुढ्यात ठेवले. तिने चष्मा लावून, बोट ओळीवरून फिरवत सगळं वाचलं, मधे दोनदा मागे जाऊन वाचलं. मग कागद नीट रचले, चष्मा त्यांच्यावर ठेवला आणि चपला घालून भावाच्या घराकडे गेली.

कतारात असताना मला कुणी घर कुठे विचारलं की मी वसई म्हणायचो, बेधडक. आता दुपार कलली. चुलीवर काही नाही. घर चार खोल्यांचं आहे, बांधकाम पक्कं. ती परत आली तर ते घर.