एका दिवसाचं बिऱ्हाड

दवाखान्यातली नर्सची नोकरी सुटून कितीतरी वर्षं झाली तरी गल्लीत त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. यजमान लिफ्टचे मेकॅनिक. दोघांनी पोटाला चिमटा घेऊन पलीकडच्या रस्त्यावर दोन खोल्यांची जागा घेतली, भाड्यानं द्यायला. पण घरमालक कसं व्हायचं हे कुणाला ठाऊक होतं? अनामत किती घ्यायची, रंग कुणी द्यायचा, नळ गळला तर कुणी बघायचं? जो भेटेल तो सल्ला देई, आणि प्रत्येकाचा वेगळा.

पहिलं बिऱ्हाड आठवड्याभरात तडकाफडकी उठून गेलं. न्हाणीघराचं पाणी उलटं स्वयंपाकघरात येत होतं आणि मालकांना त्याचा पत्ताच नव्हता. मेकॅनिकांना ते फार लागलं. दुरुस्त केलेल्या लिफ्टमधून स्वतः वरखाली केल्याशिवाय कुणाला आत पाय ठेवू न देणारा माणूस, आणि घर मात्र तसंच देऊन मोकळा! तेव्हापासून नियम झाला. जागा रिकामी झाली की नवा भाडेकरू येण्याआधी दोघांनी तिथं एक अख्खा दिवस राहायचं. रांधायचं, अंघोळी करायच्या, कपडे धुवायचे, दुपारी आडवं व्हायचं. बिघाड काय तो राहिल्यावरच कळतो.

घरी सासू-सासरे, दोन दीर, जावा, पोरंटोरं. नवऱ्याशी दोन शब्द बोलायचे तरी आधी इकडेतिकडे बघावं लागे. इथं मात्र मेकॅनिक स्वतः चहा करत. तो पिववत नसे, पण सिस्टर संपवत. मग न्हालेले केस मोकळे सोडून त्या खिडकीत बसत, आणि हे भसाड्या आवाजात गाणी म्हणत. मनसोक्त भांडताही येई. आवाज चढवून भांडण्याचं सुख काय असतं, ते एकत्र कुटुंबातल्या सुनेलाच विचारावं.

पुढं एक गंमत झाली. चांगले, टिकणारे भाडेकरू मेकॅनिकांना पसंतच पडेनात. पाच वर्षं राहू म्हणणारे एक बँकवाले आले, तर म्हणे, "फार गंभीर चेहरा आहे हो!" बदलीची नोकरी असलेला कुणी आला की मात्र ह्यांची कळी खुलायची. दादाला व्यवहारातलं ओ की ठो कळत नाही, असं धाकटे दीर उघड म्हणत. सिस्टरही करवादायच्या.

"दरवर्षी नवा माणूस शोधायचा, जागा रिकामी ठेवायची, हा कुठला धंदा?"

"जागा तपासली जाते ना पण," मेकॅनिक नळाकडे बघत म्हणायचे.

चार-पाच भाडेकरू झाल्यावर कुठं सिस्टरांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या एवढ्या लाजल्या की दिवसभर नवऱ्याकडे बघेनात. पुन्हा म्हणून त्यांनी तो विषय काढला नाही.

गेल्या वर्षी मेकॅनिक गेले. आता जागा पुन्हा रिकामी झाली, आणि सिस्टर पहिल्यांदाच एकट्या आल्या. मुलगा नको नको म्हणत होता. त्यांनी रीतसर सगळं केलं. भात शिजवला, अंघोळ केली, दोन कपडे धुवून वाळत घातले. पाणी सरळ वाहून गेलं, दारं नीट लागली. तपासायला काही उरलंच नाही तेव्हा त्यांना रडू कोसळलं. ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून मोठ्यानं रडल्या.

संध्याकाळी मुलगा एका तरुण जोडप्याला घेऊन आला. त्यातल्या मुलीनं खिडकी उघडून पाहिली, तिला जागा आवडली. पाच वर्षांचा करार करायला दोघं तयार होते. मुलगा खुशीत होता. पाच वर्षं म्हणजे आईला कटकट नाही. सिस्टरांचं वय बघता पाच वर्षं म्हणजे आजचा दिवस शेवटचा.

"एकच वर्ष," सिस्टर म्हणाल्या. "मग एक दिवस जागा मला रिकामी करून द्यायची. त्यानंतर हवं तर पुन्हा तुम्हीच या."

जोडपं एकमेकांकडे बघायला लागलं.

"आई, अगं तू अगदी बाबांसारखं करतेयस!" मुलगा वैतागला. "दरवर्षी काय तपासायचंय एवढं?"

"काही नाही तपासायचं," सिस्टर म्हणाल्या. "तुझे बाबा माझ्या एकटीच्या वाट्याला आले ते याच खोल्यांत. दुसरीकडे कुठं जाऊ मी?"

करार एका वर्षाचा झाला.