मी सांगितलेली बावीस भांडणं

मी चौथी शिकलो, पाचवीत बसलो नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे मागाहून कोणी काढायला नको.

दोन हजार सालाच्या आगेमागे, पंचायतीच्या निवडणुकीआधी, नाशिकहून एक प्रोफेसर हरसूलकडच्या आमच्या डोंगरगावात आले. कोणत्या गावात राजकारणावरून मारामारी होणार, हे त्यांचं कॉम्प्युटरचं गणित आधीच सांगायचं. फॉर्म काढून त्यांनी मला विचारलं, "बाबा, पाच वर्षांत भांडणं किती?"

मी छाती काढून सांगितलं, बावीस. निम्मी माझी आणि माझ्या व्याह्याची. तो खालच्या पाड्याचा, मी वरच्या. त्याची पार्टी वेगळी, माझी वेगळी. एकही लपवलं नाही. आमच्याकडे उघड भांडतो तो माणूस धड. भीती गप्प बसणाऱ्याची.

पण गणिताने गाव लाल, म्हणजे धोक्याचं ठरवलं. कागद कुठून कुठे गेला कोण जाणे, हुकूम आला: मतदानाआधीचा आठवडे बाजार बंद. भाताचं बी घ्यायचा तोच बाजार. ते चुकलं की पेरणी चुकली.

गाव माझ्यावर उलटलं. व्याही सगळ्यांच्या पुढे. म्हणाला, "व्याही, जन्मात एकदा खरं बोलला, आन गावाचा बाजार उठवला."

मी एसटी धरली, नाशकात गंगापूर रोडला प्रोफेसरांचं घर गाठलं. माणूस भला. पाणी दिलं, पडद्यावर आमच्या गावाचा लाल ठिपका दाखवला.

"पुसा," मी म्हणालो.

"बाबा, भांडणं जास्त तिथे धोका जास्त. गणित तसंच सांगतं."

"आवणीला कोण कोणाच्या शेतात जातं, ते इचारलं का?"

"त्याचा रकाना नाही."

"मग ऐका. माझी रोपं लावायला व्याही माणसं घेऊन येतो, त्याची लावायला मी जातो. दिवसभर शिव्या देतो आन वाकून रोपं लावतो. ज्या साली तो यायचा नाय, त्या साली पोलीस धाडा."

त्यांनी लिहून घेतलं. म्हणाले, "पुढच्या वेळी रकाना करतो. आता कागद माझ्या हातात नाही."

"नसू द्या. बाजार आमच्या हातात हाय."

बाजाराच्या दिवशी बियाण्याची टोपली घेऊन मी सगळ्यांच्या आधी ओट्यावर बसलो. समोर व्याही येऊन बसला आणि माझ्या उमेदवाराची अक्कल काढायला लागला. मी सोडतो काय. ऐकायला माणसं जमली, बायकांनीही टोपल्या मांडल्या. बंदोबस्ताचा हवालदार धावत आला.

"काय चाललंय?"

"भांडण," व्याही म्हणाला. "तेविसावं. लिवून घ्या."

हवालदाराने वही उघडली, आमच्याकडे पाहिलं, मिटली आणि पावशेर मिरची घेतली. दुपारपर्यंत घराघरात बी पोहोचलं. मतदानाला दगड सोडा, खडाही उडाला नाही.

प्रोफेसरांना मी आवणीला बोलावलं. ते आले. बांधावर उभं राहून आमच्या शिव्या मोजायला लागले.

"सर, मोजू नका," मी म्हणालो. "चपला काढा आन रोपं लावा."